ठिबकवरचे मासे

रजियाबीच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे आणि ती फार पातळ आहे. अकोल्यातल्या आमच्या गल्लीत गेली अकरा वर्षं दर शुक्रवारी सकाळी मी तिच्या बादल्यांचा आवाज ऐकत आले. सात बादल्या बाहेर, सात बादल्या आत. निवृत्त शिक्षिकेला सकाळी दुसरं काम नसतं, म्हणून मी मोजायची, आणि मोजता मोजता चिडायची.

बादल्या कशासाठी, तर माशांसाठी. तिच्या पुढच्या खोलीत, शिलाई मशीनच्या बाजूला, पाच फूट लांबीची काचेची टाकी आहे. तीनशे लिटर पाणी आणि त्यात मासे फक्त दोन. ऑस्कर जातीचे, हातभर नाही म्हटलं तरी वीतभर तर नक्कीच. एक अंगभर काळा, त्याचं नाव वकील. दुसऱ्याच्या पाठीवर नारिंगी डाग, तो संत्र्या. दोघे खातात भरपूर आणि घाणही तेवढीच करतात, म्हणून दर आठवड्याला टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी काढून नवं भरावं लागतं. न भरलं तर मासे कोपऱ्यात तोंड घालून रुसून बसतात. हे मला रजियाबीनेच सांगितलं. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण मासा रुसतो हे कुठल्या पुस्तकात मला दिसलं नाही.

रजियाबी सत्तावन्न वर्षांची. शाळा सातवीपर्यंत. ब्लाऊज, फॉल-पिको, मुलींचे कुर्ते, सगळं शिवते आणि दिलेल्या तारखेला देते, जे आमच्या गावात कुठलाच टेलर करत नाही. बोलते थोडं. माणसांशी थोडं, असं म्हणायला हवं. कारण माशांशी ती दिवसभर बोलत असते. "वकीलसाहेब, आज उपास हाये का?" असं भिंतीपलीकडून ऐकू आलं की माझा चहा गोड लागतो. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

तिचा नवरा इनायतुल्ला ठिबकचा फिटर. झाडाच्या बुडाशी थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या काळ्या नळ्या शेतात अंथरायच्या, जोडायच्या आणि बिघडल्या की दुरुस्त करायच्या, हे त्याचं तीस वर्षांचं काम. अकोट, तेल्हारा, हिवरखेड, जिकडे संत्र्याची बाग तिकडे इनायतभाईची मोटरसायकल. माणूस सज्जन, हुशार आणि घरात पाय न टिकणारा. ती टाकीसुद्धा त्यानेच आणली. हिवरखेडच्या एका बागायतदाराने घर बदललं तेव्हा ती त्याला नकोशी झाली, याने टेम्पोत घालून आणली, खोलीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कामाला निघून गेला. त्यानंतर त्या टाकीला त्याचा हात लागला तो थेट यंदाच्या फेब्रुवारीत.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी मी आठवी बादली मोजली आणि मग आवाज आला तो बादलीचा नव्हता. धावत गेले. ओल्या फरशीवर रजियाबी बसलेली, उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं. हाड मोडलं होतं. प्लास्टर सहा आठवड्यांचं. सहा आठवडे मशीन बंद आणि बादली तर कायमचीच बंद, असं डॉक्टरांनी तिला बजावलं. वयाने हाडं ठिसूळ झाली आहेत, पुन्हा पडलात तर जुळणार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिची मुलगी उज्मा अमरावतीहून आली. उज्मा तिथे एका कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते आणि घरातही शिकवल्यासारखीच बोलते. तिने आल्या आल्या निर्णय सांगितला. तिच्या क्लासच्या सरांची नवी इमारत पाडव्याला सुरू होणार होती, त्यांना खालच्या दालनात मोठी टाकी हवी होती, माशांची देखभाल करायला तिथे माणूस होता. "अम्मी, मासे तिथं मजेत राहतील. मी रोज पाहीन त्यांना. तू पुन्हा पडली तर मी काय करू, सांग?"

मुलगी चुकत नव्हती. मला तिचा राग आला, पण ती चुकत नव्हती.

रजियाबी म्हणाली, "घेऊन जा. मले काय." आणि उठून आत गेली. त्यानंतर चार दिवस मला भिंतीपलीकडून काही ऐकू आलं नाही. वकिलाची विचारपूस नाही, संत्र्याला दटावणं नाही. मी एकदा डोकावले तर बंद मशीनपुढे बसून ती टाकीकडे बघत होती आणि डोळे पुसायलाही तिला डावा हात वळवावा लागत होता. मला फार वाईट वाटलं. त्या टाकीशिवाय ही बाई त्या खोलीत कशी बसेल, हे मला दिसत होतं. तिच्या घरच्यांना दिसत नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी बादल्या इनायतभाईने उचलल्या. सातवी बाहेर नेली आणि ओट्यावर कंबर धरून बसला. मी तिथे उभीच होते. रागात आले की माझी शाळेतली मराठी सुटते.

"इनायतभाई, साऱ्या तेल्हारा तालुक्यातल्या झाडाईले तुमी बुडाशी पाणी नेऊन देल्लं. अन घरात बायको अकरा वर्षं बादल्या उचलून राह्यली. दिसली नाई का कधी?"

त्याने हातातली रिकामी बादली खाली ठेवली. मग म्हणाला, "दिसत होती बाई. पन मले ते घरचं काम वाटे. फिटिंगचं नाई वाटे."

इतकं खरं उत्तर देणाऱ्या माणसाला आणखी काय बोलणार? मी घरी आले.

त्याच संध्याकाळी त्याने उज्माला फोन लावला आणि पाडव्यापर्यंतची मुदत मागितली. उज्माने अट घातली: तोवर अम्मीने एक बादली उचलायची नाही, अब्बूंनीही कंबर मोडून घ्यायची नाही, आणि तरी पाणी नियमित बदललं गेलं पाहिजे. पाडव्याआधीच्या शुक्रवारी ती सरांना आणि टेम्पोला घेऊन येईल. जमलं असेल तर टेम्पो रिकामा जाईल. रजियाबी हे सगळं ऐकत होती. रात्रीच्या जेवणाआधी मला भिंतीपलीकडून "संत्र्या, नीट वाग जरा" असं ऐकू आलं.

इनायतभाईने मग जे केलं ते मी नीट पाहिलं, कारण मला त्यात रस होता आणि त्याला प्रेक्षक आवडतो. जिन्याखाली लोखंडी घोड्यावर त्याने दोनशे लिटरचा ड्रम बसवला. आमच्याकडे नळ पाच दिवसांआड येतो, तो आला की छोट्या मोटारीने ड्रम भरून घ्यायचा आणि दोन दिवस झाकण काढून ठेवायचा, म्हणजे औषधाचा वास उडून जातो. ड्रमपासून बागेतली तीच काळी नळी खिडकीतून आत आणली, तिला वाटेत कॉक बसवला आणि टाकीवर थेंब सोडणारे चार ड्रीपर लावले. कॉक उघडला की तासाला सोळा लिटर पाणी थेंबाथेंबाने टाकीत. शुक्रवारी सकाळी आठला उघडायचा, दुपारी दोनला बंद करायचा. मासे दचकत नाहीत, पाणी एकदम थंड-गरम होत नाही.

आत आलं तेवढं बाहेर कसं जाणार, यावर त्याने दोन दिवस काढले. भरलेल्या टाकीच्या काचेला भोक पाडता येत नव्हतं. शेवटी त्याने एक जाड नळी उलट्या यू-सारखी टाकीच्या काठावर बसवली. तिचं एक टोक टाकीच्या तळाशी, दुसरं बाहेर काठालगत टांगलेल्या मोठ्या बरणीत. बरणीच्या वरच्या अंगाला, टाकीतल्या पाण्याच्या पातळीला, एक भोक. नळी एकदा पाण्याने भरली की टाकी आणि बरणी दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर राहतं. टाकीत वाढलं तेवढं बरणीच्या भोकातून पडतं आणि दुसऱ्या नळीने मागच्या अंगणात शेवग्याच्या बुडाशी जातं. पाणी तळातून ओढलं जात असल्यामुळे घाणही थोडीफार जाते. मी त्याला मनातल्या मनात दहापैकी नऊ दिले. एक गुण अकरा वर्षांच्या उशिरासाठी कापला.

"तू फक्त कॉक उघडायचा अन बंद करायचा," त्याने बायकोला सांगितलं. "बाकी मी पाहतो." ती मान डोलावून हो म्हणाली.

पहिल्या शुक्रवारी कॉक उघडून ती टाकीपुढे मुलीची परीक्षा चालू असल्यासारखी बसून राहिली. दुपारी दोनला शंभर लिटर पाणी बदललेलं होतं, फरशी कोरडी होती आणि वकील खिमा मागत काचेवर तोंड आपटत होता. पुढचे तीन शुक्रवार तसेच गेले. रजियाबी डाव्या हाताने कॉक उघडायची आणि मला हाक मारायची, "बाई, चालू केलं बरं!" त्या आवाजात जे काही होतं ते मी तिच्या तोंडून पूर्वी ऐकलं नव्हतं.

मग नळ लांबला. आठ दिवस झाले तरी पाणी नाही, म्हणून इनायतभाईने ड्रममध्ये बोअरचं पाणी भरलं. आमच्या भागातलं बोअरचं पाणी खारं. चहा नासवणारं, नळ पांढरे करणारं. उज्मा येणार म्हणून तो रोज थोडा वेळ कॉक उघडून थेंब तपासायचा, आणि चार दिवसांत ड्रीपरच्या तोंडांवर क्षार बसून थेंब बंद पडले. आणि हे कधी, तर उज्मा येण्याच्या आदल्या संध्याकाळी.

बागेत अशा चोंदलेल्या नळ्यांत अ‍ॅसिड सोडतात. पाण्यात थोडं अ‍ॅसिड मिसळायचं, रात्रभर नळ्यांत राहू द्यायचं, सकाळी धुऊन काढायचं. इनायतभाईने हे हजार वेळा केलं असेल. त्या संध्याकाळीही त्याच्या हाताने तेच केलं. त्याने अ‍ॅसिड ड्रममध्ये ओतलं, नळी भरून घेतली आणि कॉक बंद केला. सकाळी लवकर उठून नळी टाकीवरून काढायची आणि सगळं गटारात सोडायचं, असं त्याने ठरवलं होतं. आणि त्याच्या धंद्यात रीत आहे की अ‍ॅसिड भरलेल्या कॉकला लाल चिंधी बांधायची. मग मजूर काय, कुणीच हात लावत नाही. त्याने मशीनखालच्या कापडांतून एक लाल तुकडा उचलला आणि कॉकला गाठ मारली.

सकाळी सहाला हिवरखेडहून फोन आला. बागेतला फिल्टर फुटला होता, झाडांना फळ धरलेलं, पाणी थांबलं तर फळ गळणार. रजियाबी नमाजाला बसली होती. त्याने हाक मारली नाही. अकरापर्यंत परत येऊ, चिंधी बांधलेलीच आहे, असा हिशेब करून तो गेला.

आठ वाजता रजियाबी कॉकपाशी आली. कॉकला लाल तुकडा. तो तुकडा होता गल्लीतल्या प्रतीक्षाच्या अर्धवट राहिलेल्या ब्लाऊजच्या बाहीचा, जो रजियाबी दोन दिवस शोधत होती. "या माणसाले बांधाले हेच सापडलं का?" असं पुटपुटत तिने दाताने गाठ सोडली, तुकडा झटकून मशीनवर ठेवला आणि कॉक उघडला. मला हाक मारली, "बाई, आज तं भल्लं चांगलं पडून राह्यलं!" चांगलं पडणारच होतं. अ‍ॅसिडने क्षार खाल्ले होते.

अर्ध्या तासाने तिने मारलेली हाक वेगळी होती.

मी गेले तेव्हा दोन्ही मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडत होते. संत्र्या आडवा व्हायला लागला होता. रजियाबी काचेला कपाळ लावून उभी होती. मी आधी कॉक बंद केला आणि इनायतभाईला फोन लावला. तो हिवरखेडच्या बागेत फिल्टर बसवत होता. "चिंधी नाई दिसली का?" तो म्हणाला. "अ‍ॅसिड हाये त्यात, बाई. पाणी बदला. लवकर बदला."

शंभर-दीडशे लिटर पाणी, एक अडुसष्ट वर्षांची म्हातारी आणि एक हात प्लास्टरमध्ये असलेली बाई. मी बादली शोधायला वळले. रजियाबीने मला थांबवलं.

ती बरणीपाशी गेली. बरणीतलं नळीचं टोक तिने अंगठ्याने दाबलं, बरणीतून बाहेर काढलं, नळी खाली ओढून फरशीवर मोरीच्या तोंडाशी नेली आणि अंगठा सोडला. पाणी धो धो वाहायला लागलं. मी थक्क होऊन बघत राहिले. टोक खाली नेलं की पाणी जोरात येतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. चार शुक्रवार टाकीपुढे बसून तिने नुसतं बघितलं होतं.

"बाई, तुमच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी कधीचं हाये?"

"परवा एकदाचा नळ आला ना, तेव्हाचं."

"मंग तुमचा झाडाले पाणी द्याचा पाइप टाका ना खिडकीतून!"

मी अडुसष्टाव्या वर्षी जिना कसा चढले ते मला आठवत नाही. पाइप माझ्या गच्चीवरून तिच्या खिडकीत गेला. इकडून निघत होतं, तिकडून येत होतं. तिने डाव्या हाताने माझा पाइप टाकीच्या काठाशी दाबून धरला, पाण्याचा मारा माशांवर बसू नये म्हणून उजवा तळवा आडवा केला आणि प्लास्टर भिजून लोंबायला लागलं तरी हलली नाही. एकही बादली लागली नाही.

या सगळ्यात दारात उज्मा आणि तिचे सर येऊन उभे राहिले. बाहेर टेम्पो होता. उज्माने फरशीवरचं पाणी पाहिलं, भिजलेलं प्लास्टर पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. "बस अम्मी. आजच नेऊ. हे असंच होणार होतं." पदर खोचून ती पुढे आली, पण आधी तिने आईच्या हातातला पाइप स्वतःकडे घेतला. मुलगी मनाने चांगली आहे.

तासाभरात संत्र्या सरळ झाला. वकील केव्हाच तळाशी जाऊन बसला होता. संत्र्याच्या एका डोळ्यावर पांढुरकी साय आली होती, ती अजूनही थोडी आहे. ज्या खाऱ्या पाण्याने ड्रीपर चोंदवले त्याच पाण्यातल्या क्षारांनी अ‍ॅसिडची बरीच ताकद मारली असणार. पण तो हिशेब मी नंतर केला. त्या वेळी मी खुर्चीत बसून रडत होते.

अकराला इनायतभाई आला. दारातच थांबला. टाकीत दोन मासे हलताना पाहिले तेव्हा त्याने डोळे मिटले. चिंधी कुणी सोडली असं तो विचारेल, असं मला वाटलं आणि मग मी त्याला सोडणार नव्हते, पण तसं झालं नाही.

"चूक माही हाये," तो उज्माला म्हणाला. "चिंधी बांधली, पन घरात कोनाले सांगतलं नाई तिचा मतलब काय ते. मासे घेऊन जा, बेटा. मी नाई सांभाळू शकत."

सर नम्रपणे टेम्पोवाल्याला हाक मारायला वळले. तेव्हा रजियाबी बोलली. एवढं लांब बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

"थांबा जी. मासे कुठीच जाऊन नाई राह्यले. तुमी दोघं बापलेक महिनाभर ठरवून राह्यले, मासे राहतीन का जातीन. मले कोनी इचारलं? हे म्हनतात, कॉक उघड अन बंद कर. काहून? मले सांगा ना ड्रीपर काहून चोंदते, अ‍ॅसिड कव्हा सोडाचं, चिंधी काहाची हाये. मले समजत नाई का? पाणी मीच काढलं आज. एका हातानं."

मग इनायतभाई टाकीपाशी गेला, एक ड्रीपर पिरगळून काढला आणि तिच्या डाव्या तळहातावर ठेवला. "हे पाहा, याच्या आतनी अशी बारीक नाली असते," असं म्हणून तो सांगायला लागला. ती विचारत होती आणि तो सांगत होता. उज्मा पाइप गुंडाळून त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. मी आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला, सरांसाठीसुद्धा. टेम्पो रिकामा गेला.

ड्रीपर आता अ‍ॅसिडने साफ होत नाहीत. रजियाबी ते काढून लिंबाच्या पाण्यात घालते आणि शिवणाच्या सुईने तोंड मोकळं करते; सुई तिच्याइतकी कुणाला चालवता येते! बोअरचं पाणी ड्रममध्ये येऊ देत नाही. प्लास्टर निघालं, मशीन सुरू झालं.

मे महिन्यात सरांचा निरोप आला. त्यांनी दुसरीकडून टाकी आणि मासे घेतले होते, पाण्यासाठी ठेवलेला माणूस सोडून गेला होता आणि अकोल्याला पाहिलेली ती व्यवस्था त्यांना तिथे हवी होती. आम्ही तिघेही गेलो. मी कशाला गेले, तर मला करमेना. दालनात भर उन्हात आलेली मुलं-मुली जमून बघत होती. रजियाबीने पातळी मापली, बरणीला भोक कुठे पाडायचं ते खुणेने दाखवलं, ड्रीपर लावले आणि कॉक उघडला. थेंब पडायला लागले तशी मुलांनी टाळ्या वाजवल्या, उज्माने सगळ्यांत मोठ्याने.

सर वही घेऊन इनायतभाईकडे आले. किती दिवसांनी साफ करायचं, पाणी किती वेळ सोडायचं, बिघडलं तर फोन कुणाला करायचा, सगळं लिहून द्या म्हणाले.

"मले नका इचारू," इनायतभाई म्हणाला. "फिटर त्या हायेत. मी तं नुसती नळी धरून उभा हाव."